आजीसारखा टोफू

कांदिवली (पूर्व)
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. सौ. अपूर्वा हिला अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, पण पत्ते खेळायला खाली उतरताना गुडघा कसा दुखत नाही देव जाणे. बिल्डिंगमध्ये माघी गणपतीची तयारी सुरू झाली. मोदक यंदाही माझ्याच गळ्यात. शेजारची जया रोज विचारते, गंधू कधी येणार? येईल गं, म्हणते आणि दार लावून घेते.

फोन सोडून सासूबाई पत्र कसलं लिहितायत, असं वाटेल तुला. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. समोरच्याने एक शब्द काढला की मी चार ऐकवते आणि मुद्द्याचं राहून जातं. हे पत्र गंधू शाळेत गेली की बसून वाच.

रविवारी तू तिसऱ्यांदा विचारलंस, "आई, टोफू नक्की कसा केला होतात? गंधू म्हणते आजीसारखा कर. मी केला की दोन तुकडे खाते आणि ताट सरकवते." मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली, नंतर सांगते. कुकर लावलाच नव्हता गं.

तर आता सांगते.

तू ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेलीस आणि मी अंधेरीला तुमच्याकडे राहायला आले, त्याचा तो तिसरा दिवस. द्रौपदी सकाळचा स्वयंपाक उरकून गेली होती. सुयोग आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला. म्हटलं, दुपारचं मी बघते. जन्मात पहिल्यांदा तो टोफू हातात घेतला. पाण्यातून काढला तर बुळबुळीत, वास ना चव. तू लिहून ठेवलं होतंस तसं फडक्यात गुंडाळून वर खलबत्ता ठेवला, पाणी काढलं. मग आपलं नेहमीचं कांदा-खोबऱ्याचं वाटप लावून सुकं केलं. गंधूने एक घास घेतला आणि थुंकला. "ई, आजी, आई करते तसं नाही."

मला लागलं ते. चाळीस वर्षं लोकांना जेवू घातलंय मी, गावाहून आलेल्या अख्ख्या गोतावळ्याला. माझ्या हातचं कोणी थुंकलं नव्हतं.

उरलेले तुकडे मी तव्यावर टाकले. छान सोनेरी होईपर्यंत परतले, वर मीठ भुरभुरलं. आठ तुकडे खाल्ले पोरीने. आठ! बोटं चाटली. मी अगदी फुशारून गेले.

कशात परतले, ते राहिलं.

तुपात. माझ्या भातावर घ्यायला पिशवीतून छोटी बरणी नेली होती, ती तुमच्या घरात मी कपड्यांच्या खाली ठेवायची. आधी मी ठरवलं होतं, तुला लिहायचं की नजरचुकीने झालं, तेलाच्या जागी हात तिकडे गेला. दोन कागद तसे लिहून फाडले. नजरचूक नव्हती, अपूर्वा. फ्रिजवर तुझ्या अक्षरातला कागद होता. दूध, दही, लोणी, तूप, पनीर, काही नाही, एक थेंबसुद्धा नाही. खाली दोन रेघा. तो वाचून मी तूप घातलं.

आपल्याकडे पोराच्या पानात तूप वाढल्याशिवाय ते जेवलं असं कोणी म्हणत नाही. सुयोगला मी तुपावर वाढवला. मला वाटायचं, ही ॲलर्जी-बिलर्जी तुम्हा शिकलेल्यांचं खूळ. चमचाभर तुपाने काय होतंय? काही झालं नाही म्हणजे तू आलीस की तोंडावर सांगेन, बघ, खाल्लं की नाही! तुला खोटं पाडायचं होतं मला. ह्याच्यासाठी मी त्या लेकराच्या जिवावर उठले.

पुढचं तुला सुयोगने सांगितलंय. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. तू शिकवून ठेवलेलं इंजेक्शन त्याने मांडीत दिलं म्हणून आज गंधू आहे. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं, काय खाल्लं होतं? मी दोन्ही वेळा म्हटलं, टोफू. पोर तिथे कॉटवर धापा टाकतेय आणि मी माझी लाज झाकतेय.

आणि मग द्रौपदी. सुयोग म्हणाला, ही इथे स्वतःचा दुधाचा चहा करते, तिचाच हात तव्याला लागला असणार. मी गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक. पण मी म्हटलं, "असेल बाबा, तिचं लक्षच नसतं." गंधूच्या बारशापासून तुमच्याकडे होती ती. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला नको सांगितलंत.

काल मी वाकोल्याला तिच्या घरी जाऊन आले. दारातच सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, उठली नाही. म्हणाली, "आजी, मला तेव्हाच कळलं. तुम्ही सगळे हॉस्पिटलात होतात, संध्याकाळी माझ्याकडच्या किल्लीने येऊन तो तवा मीच घासला. तुपाचा वास लपतो का?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "माझं कोण ऐकणार? म्हणाले असते, स्वतःचं झाकायला म्हातारीवर ढकलते." मला चहा विचारला नाही तिने. बरोबरच केलं. अपूर्वा, तिला परत बोलव, आणि ती यायला तयार नसेल तर तुम्ही दोघं तिच्या दारात जाऊन माफी मागा. तुमची चूक माझ्यामुळे झाली, हे मी सुयोगलाही सांगणार आहे.

आता शेवटचं.

त्या दुपारी तुकडे खाऊन झाल्यावर गंधूने तुपाची बरणी बघितली. मी तिला म्हटलं, आईला सांगायचं नाही हं, आपलं दोघींचं गुपित. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिलाही विचारलं होतं. सुजलेल्या डोळ्यांनी तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, "टोफू."

रविवारी तू फोन तिच्या हातात दिलास ना? तुला वाटलं असेल काहीतरी लाडिक बोलतेय. ती कुजबुजत होती, "आजी, मी अजून कोणालाच नाही सांगितलं."

पाच वर्षांची पोर, दोन महिने माझं पाप पोटात घेऊन हिंडतेय. माझ्यावर काय रागवायचं ते नंतर रागव. मला घरात घ्यायचं की नाही तेही तूच ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. आज ती शाळेतून आली की आधी तिला जवळ घे आणि सांग, आजीने आईला सगळं सांगितलं, आता तू कोणापासून काही लपवायचं नाहीस. माझ्यापासूनसुद्धा नाही.

तुझी आई असं लिहायला आज जीव धजत नाही.

सुयोगची आई,
सुलक्षणा