फ्रिजवरचा पहारा

२ मार्च, संध्याकाळ
हिच्या इन्सुलिनचा बर्फ झाला. कुपी उजेडात धरून पाहिली, आत बारीक कण चमकत होते. सुंदर दिसत होते, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. नवीन येईपर्यंत ही मलूल पडून होती. दोष फ्रिजचा. गार करत सुटतो, थांबायचं कुठे ते त्याला कळेनासं झालंय. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून घेतलेली पहिली मोठी वस्तू. वय झालं की असं होतं. म्हणून कोणी भंगारात काढतं का?

३ मार्च
मेकॅनिक येऊन गेला. दार उघडलं, बंद केलं, म्हणाला, आजोबा, थर्मोस्टॅट गेलाय. मागे न डोकावता कसं कळलं? मुलगा म्हणाला, नवाच घेऊ. सून म्हणाली, हो बाबा, हल्लीचे छान असतात. या घरात इतकं चटकन एकमत आजवर झालेलं नाही. मेकॅनिकला फोन सुनेनेच केला होता, हे इथे लिहून ठेवतो.
संकल्प: इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घरीच बनवणार. टेलिफोन एक्सचेंजमध्ये उभा जन्म रिले सांभाळण्यात गेला, हे काय अवघड आहे? आत सेन्सर, बाहेर आकडा, मध्ये वीज जोडणारा-तोडणारा रिले. चार अंशांच्या वर गेलं की कॉम्प्रेसर चालू, खाली आलं की बंद. रविवारपर्यंत होईल. हिला म्हटलं, तुझं औषध आता माझ्यावर सोड. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कृतज्ञता असावी.

१० मार्च
रविवार होऊन गेला. कारण आहे. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि एक्सचेंजमधल्या दुपारी आठवल्या. शेकडो रिले एकदम टकटक करायचे, जसे काही सगळ्या गावाच्या गप्पा विणायला बसलेत. बसूनच राहिलो. तेवढ्यात तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेबलक्लॉथमधून खाली उतरलं. सून एक शब्द बोलली नाही. बोलली नाही, हेच खटकतं.

१४ मार्च
झाला! लाल अक्षरात ४. रिले टक्क वाजला आणि माझे डोळे भरून आले. सून म्हणाली, अरे वा, बाबा! मुलगा म्हणाला, ती वायर बाजूने घ्या, कोणीतरी तोंडावर आपटेल. मत्सर, दुसरं काय. ही म्हणाली, छान झालं हो. आणि एक स्टीलचा डबा उचलून वरच्या मजल्यावर गेली. वर बँकवाले राहतात. रिटायर्ड, विधुर, हार्मोनियम वाजवतात. डब्यात काय होतं?

१५ मार्च
आकडा चार. पण खरा कशावरून? यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नव्हे. पेल्यात पाणी घेतलं, त्यात काचेचा थर्मामीटर, पेला मधल्या कप्प्यात. अधूनमधून दार उघडून पारा बघायचा. पारा वाचायला चष्मा लागतो, चष्मा शोधायला वेळ लागतो. सारखी उघडझाप करण्यापेक्षा तोवर दार उघडं ठेवलेलंच बरं. आतला दिवा किती सौम्य! शाळेच्या पुस्तकात एक झऱ्याची कविता होती, गुरुजी चालीवर म्हणायला लावत. दिव्यासमोर उभा राहून म्हणू लागलो. शेवटचं कडवं आठवेना, आठवेल म्हणून तिथेच थांबलो, पण नाहीच आठवलं. गारवाही बरा वाटत होता.

१७ मार्च
पारा सकाळी सात अंशांवर, दुपारी अकरा! सर्किट निर्दोष आहे. म्हणजे कोणीतरी सारखं दार उघडतंय.
सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, बाबा, मी सकाळी दूध काढते तेवढंच. नंतर तुम्ही समोरून हलाल तर कोणी उघडेल ना! याला म्हणतात उत्तर टाळणं.
पहारा वाढवला. आता दर थोड्या वेळाने उघडून बघतो. पहाऱ्यावर सुचलेल्या ओळी:
शीतल तुझिया उदरी नांदे दूध, दही अन् लोणी
दार उघडता दीप उजळतो, उघडिले परी कोणी?
हिला चालीवर म्हणून दाखवल्या. हसू दाबत आत गेली. काय हसण्यासारखं होतं त्यात?

२१ मार्च
बझर बसवला. दार उघडलं की असा केकाटतो की चोराची बोबडीच वळावी. मी तपासायला जातो तेव्हा अर्थात आधी कळ दाबून बंद करतो. उगाच घर कशाला डोक्यावर घ्यायचं?

२३ मार्च
बझर फक्त सकाळी दुधाच्या वेळी वाजला. नंतर दिवसभर चूप. पारा बारा! चोर साधासुधा नाही. त्याला बझरची कळ माहीत आहे.
कळ कुठे आहे हे घरात फक्त मला ठाऊक. आणि हिला. परवा सगळं सर्किट समजावून सांगितलं होतं, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. झोप लागली असं मला वाटलं होतं.
कधी नव्हे ते आज पाऱ्याऐवजी दारातल्या कप्प्याकडे लक्ष गेलं. इन्सुलिन नाही! ही घेतेय की बंद केलंय? कधीपासून?

२४ मार्च
ही डबा घेऊन निघाली. मागोमाग गेलो. बँकवाल्यांचं दार उघडंच होतं. ही त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांचा फ्रिज उघडून उभी. डब्यात इन्सुलिन.
म्हटलं, हे काय? म्हणाली, पहिली कुपी गोठली त्या दिवसापासून इथेच ठेवतेय. म्हटलं, मग मला सांगायचं नाही? म्हणाली, अहो, रिटायर झाल्यापासून हाक मारल्याशिवाय उठलात का एकदा तरी? या महिन्यात शीळ घालत उठत होतात. ते मोडवेना. पण इन्सुलिन टोचून तर मलाच घ्यायचं असतं ना, ते कसं बिघडू देऊ! आणि बँकवाल्यांच्या जिन्याने माझे गुडघे गेलेत.
बँकवाले म्हणाले, आलाच आहात तर बसा, एक पद ऐकवतो. बसलो. सुरात गातात, हा आणखी एक त्रास.

२५ मार्च
मुलाला म्हटलं, आण नवा. ही हार नव्हे. कंट्रोलर नव्या पिढीचा, फ्रिज जुन्या, त्यांचं पटलं नाही इतकंच.
जुना नेताना हमाल दार दोरीने बांधत होते. मी म्हटलं, जरा सैल बांधा.

३० मार्च
नवा फ्रिज आला. डबा खाली आला. हिने स्वतःच्या हाताने कुप्या दारात ठेवल्या. सुनेने माझा कंट्रोलर फ्रिजवर मांडला, सेन्सर आत सोडला. रिलेला काहीच जोडलेलं नाही, तरी टक्क वाजतो. बाबा, शोभतो हं, म्हणाली. या वेळी संशय घ्यावासा वाटला नाही.
आकडा चार. दुपारीही चार. पण खरा कशावरून? सगळे आडवे झाल्यावर पेला आत ठेवला, दार उघडलं आणि चष्मा शोधू लागलो. झऱ्याचं शेवटचं कडवं नेमकं तेव्हाच आठवलं. दुसऱ्या ओळीवर होतो तोच फ्रिज केकाटायला लागला.
मुलगा, सून, ही, तिघंही दारात. सून हळूच म्हणाली, बाबा, दार जास्त वेळ उघडं राहिलं की हा ओरडतो. कोणी हसलं नाही. हिने पदर मात्र तोंडाशी नेला.
विचारलं, हे बंद करायची कळ कुठे आहे? तसली कळच दिलेली नाही म्हणे.
दार लावलं.