दादानं शोधलेला इलाज

रत्नदीप,

जयभीम लिहायचं मन नाई.

तुनं पाठवलेली बातमी भेटली. रक्त तयार करणाऱ्या पेशी म्हणे आता प्रयोगशाळेत वाढवतात, पुढं कोणाचा बोनमॅरो मागायचं कामच नाई. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईले दाखवली. त्या म्हणाल्या, पेशंटपर्यंत यायले अजून किती वर्षं लागतील, सांगता येत नाई. आपल्या काजलच्या सिकलसेलले तेवढी सवड नाई. तुहा बोनमॅरो तर तिले आजच जुळते, तुह्या लग्नाआधीच तपासला होता.

तू काऊन पळून राह्यला, मले माहीत हाय. आपल्यात लग्नाच्या वेळी पत्रिका पाहत नाईत, सिकलसेलचं कार्ड पाहतात. तुह्या कार्डावर अर्धा आजार लिहिला होता, म्हणजे तुले त्रास नाई, पण पोरांत जाऊ शकते. ते कार्ड तुनं आईच्या पेटीत दडवलं. दवाखान्यात आला तर बायकोले समजन.

काजलले आम्ही सांगतलं, घरात कोणाचंच जुळलं नाई. तुही लाज राखली. आता ती तुही बातमी शेजारणीले वाचून दाखवते, "दादानं माह्यासाठी इलाज शोधला."

हे पत्र टाकत नाई. पेटीत तुह्या कार्डासोबत ठेवून राह्यली. तिले काही झालं, तर दोन्ही तुह्या बायकोच्या हातात देईन.

काजलची बहीण,
पौर्णिमा