हिरवं दार समजून

तीर्थस्वरूप आत्या,

तुला आम्हा सगळ्यांचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे माझी पाठ अजून धरलेली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येईल तेवढं वाकून.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का, की ते अजून तुला दाखवण्यापुरता खोकतात? इकडे सगळे बरे आहेत. चिमणीच्या नाकाचं गार वाऱ्याने साल निघालं होतं ते भरून आलं. हिला सर्दी झाली होती ती मला दिली, आणि मी ती दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना चष्म्याबरोबर देतो आहे. बाबा छान आहेत. हे वाक्य वर्षभरानंतर खरेपणाने लिहितोय, म्हणून त्याच्याच मागचापुढचा वृत्तांत आता सविस्तर ऐक.

थंडीच्या सुट्टीत बाबांना घेऊन कुठेतरी जा, हा तुझा हुकूम आला तेव्हा आमच्या घरात रीतसर गोंधळ झाला. हिला समुद्र हवा होता, जिथे वाळूत पडून राहायचं आणि कुणी चहा मागणार नाही. चिमणीला बर्फ हवा होता, घसरण्यासाठी. मला घरच हवं होतं, दुलईसकट. तू पाठवलेल्या कात्रणांत तर गरम पाण्याच्या कुंडांपासून वाळवंटातल्या तंबूपर्यंत सगळं होतं, आणि समासात तुझ्या अक्षरात शेरा होता, 'जागा कुठलीही चालेल, दादाला नको म्हणायला वेळ देऊ नका.' हा शेरा तेवढा आम्ही पाळला. आई गेल्यापासून बाबांकडे दोनच उत्तरं उरली होती, 'हं' आणि 'नको'. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, ज्याचा आवाज मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत तिकिटासारखा फाटत जायचा, तो दिवसभर खिडकीशी बसून रस्ता बघायचा. म्हणून आम्ही त्यांना 'जरा बाहेर चक्कर मारू' म्हणून गाडीत बसवलं आणि थेट डोंगरात नेलं. वाटेत एकदा त्यांनी विचारलं, 'चक्कर संपली का?' मी म्हटलं, आता वळायचंच आहे. (वळणं डोंगरात भरपूर असतात, त्यामुळे हे खोटं नव्हे.)

घर भाड्याने घेतलं होतं. मालकीणबाईंनी फोनवर खूण सांगितली होती, हिरवं दार, किल्ली दारालाच असेल, शेगडी पेटवून ठेवते, मी स्वतः नसेन. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि धुकं इतकं दाट की गाडीचं नाक गाडीला दिसत नव्हतं. फाटकातून आत शिरलो, समोर घर, ओसरीवर पिवळा दिवा. ही म्हणाली, 'दार निळं आहे.' आता आत्या, मी डोळ्यांचा धंदा करतो. रोज माणसांना रंगांच्या ठिपक्यांमधून आकडे वाचायला लावतो. मी तिला शांतपणे समजावलं की पिवळ्या उजेडात हिरवा रंग निळा भासतो, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, 'मला निळं दिसतंय म्हणजे ते निळं आहे.' हा वाद आम्ही आणखी वाढवला असता, पण तेवढ्यात दारच उघडलं आणि एक वयस्कर जोडपं हात जोडून पुढे आलं, 'या, या, किती वाट बघायला लावलीत.'

मालकीणबाई नसणार होत्या, मग हे कोण? मी मनात म्हटलं, देखभालीला ठेवलेली मंडळी असतील, सेवा उत्तम दिसते. गृहस्थ जनावरांचे डॉक्टर होते, आता निवृत्त, आणि मला वाटलं, निवृत्तीनंतर माणूस वेळ घालवायला काहीही करतो. डॉक्टरीणबाईंनी आमच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या, गरम पाणी दिलं, शेगडीजवळच्या खुर्चीत बाबांना बसवून पायावर कांबळं टाकलं. सूप आलं, भाजलेले बटाटे आले, दुसऱ्यांदा आले. 'उद्या मुलं आली की घर भरून जाईल,' असं त्या म्हणाल्या, आणि आम्ही माना डोलावल्या, कारण त्यांची मुलं येणार तर आपलं काय जातं.

यापुढचं लिहायला हात जड होतोय. मी त्या घरात गिऱ्हाइकासारखा वागलो. उशी टणक आहे म्हणून बदलून घेतली. आणखी एक कांबळं मागितलं. वर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं की न्हाणीघरातला नळ गळतोय, एवढा दुरुस्त करून घ्या, अशाने नाव खराब होतं. ते बिचारे पान्हा घेऊन गुडघ्यावर बसले. मी त्यांना बॅटरी धरली आणि वॉशर कसा बसवावा हेही सांगितलं. मग विचारलं, 'इथून सकाळी निघायची वेळ काय?' त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, 'आमचं काही चुकलं का? राहायला आलात ना तुम्ही?' मी मोठ्या मनाने म्हटलं, छे, एकंदरीत ठीक आहे.

पण त्याच जेवणात एक गोष्ट झाली, आणि मी हे सगळं तिच्यासाठी लिहितोय. डॉक्टरीणबाई बाबांना वाढत होत्या. वाढता वाढता त्यांनी सहज विचारलं, 'आणि तुमच्या मंडळी नाही आल्या?' हिच्या हातातला चमचा थांबला. चिमणी माझ्याकडे बघायला लागली. आत्या, वर्षभर आम्ही घरात आईचं नाव काढलं नव्हतं, बाबांना त्रास होईल म्हणून. तिचा फोटोसुद्धा आतल्या खोलीत हलवला होता. आणि या बाईंनी मीठ हवं का विचारावं तसं विचारलं.

बाबा म्हणाले, 'गेल्या वर्षी गेली.'

बाईंनी वाडगं खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, 'कशा होत्या हो?'

मला वाटलं आता 'हं' येणार. पण बाबांनी घसा खाकरला आणि सुरू झाले. म्हणाले, 'माझ्या गाडीत बसली तरी तिकीट काढायची. सुटे नसले तर मला ऐकवायची, कंडक्टर, सुटे ठेवत जा.' मग तिची ती हसू दाबायची सवय, तिचा भाजीवाल्याशी चाललेला अनेक वर्षांचा वाद, ती रुसली की इस्त्री किती कडक व्हायची. डॉक्टर शेगडीत लाकडं सारत ऐकत होते. मध्येच बाबा रडले. मग स्वतःच म्हणाले, 'बटाटा गार झाला,' आणि तो खाल्ला. मी चष्मा पुसत बसलो. (धुक्यामुळे.)

सकाळी मी चहाचा पेला घेऊन बाहेर आलो, तर अंगणाच्या पलीकडच्या टोकाला आणखी एक घर दिसलं आणि त्याला हिरवंगार दार होतं. त्या दारातून एक गृहस्थ सामान बाहेर ओढत होते आणि त्यांच्या पत्नी शालीत गुरफटून पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारधर्म म्हणून विचारलं, 'तुम्हालाही इथली सोय पसंत पडली नाही का?' गृहस्थ एका शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि एरवी प्रार्थनेच्या वेळी वापरत असतील त्या आवाजात ते म्हणाले, 'सोय? मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा आलो, दाराला किल्ली लावून माणसं गायब. रात्रभर कोरडी बिस्किटं खाल्ली. जिथे व्याह्यांना कुणी या म्हणत नाही तिथे मला मुलगी द्यायची नाही.'

मी मागे वळून आमचं दार पाहिलं. निळं दार डॉक्टरांचं. ते कधीही न पाहिलेल्या होणाऱ्या व्याह्यांची वाट बघत होते. व्याही आले मागच्या फाटकाने, तिथून पहिलं घर लागतं ते आम्ही भाड्याने घेतलेलं, शेगडी पेटलेलं. आणि व्याह्यांचं जेवण, व्याह्यांचं कांबळं आणि व्याह्यांचा मान घेऊन मी रात्रभर टणक उशीबद्दल बोलत होतो. फोनला रेंज नव्हती, नाहीतर तेव्हाच उलगडलं असतं.

डॉक्टर बाहेर आले, त्यांना सांगितलं, तर ते पायरीवरच बसले. (मागाहून कळलं, मी व्याही नाही हे ऐकून त्यांना आधी इतकं बरं वाटलं की तिथेच टेकले. रात्री दोघं नवराबायको कुजबुजत होते की मुलीचा बापच असा, तर पोराचं कसं व्हायचं.) त्यांनी हात जोडून माफी मागितली. मी मागितली. मुख्याध्यापक ऐकेनात. 'तुम्ही परक्यांना पंगतीला बसवलंत आणि आम्हाला विचारलं नाहीत,' हे ते पुन्हापुन्हा म्हणत होते आणि बॅगेचं हँडल सोडत नव्हते. डॉक्टरीणबाई दारात पदराने डोळे टिपत होत्या. ती दोन मुलं दुपारच्या बसने हसतखेळत येणार होती आणि इकडे आमच्यामुळे त्यांचं लग्न मोडत होतं.

तेवढ्यात बाबा आले. कानटोपी, माझाच स्वेटर, पायात डॉक्टरांच्या सपाता. अंगण ओलांडून सरळ मुख्याध्यापकांसमोर उभे राहिले आणि त्यांनी आवाज काढला. तो आवाज, आत्या. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंतचा.

'साहेब, राग बरोबर आहे. तुमची सीट आम्ही घेतली. पण सीट गेली म्हणून चालत्या गाडीतून कुणी उडी मारतं का?'

मुख्याध्यापक हजेरीला उभं राहिल्यासारखे ताठ झाले. बहुतेक कित्येक वर्षांत त्यांच्याशी या आवाजात कुणी बोललं नसावं.

'दार ओळखायला आमचा मुलगा होता,' बाबा म्हणाले, 'तो चष्मे विकतो. आता ह्यावर मी काय बोलू? यात या माउलीचा काय दोष? अनोळखी म्हाताऱ्याला तिने रात्री जे दिलं ना, ते माझ्या घरच्यांना वर्षभर सुचलं नाही. अशा घरात मुलगी पडत असेल तर डोळे मिटून द्या. चला, आम्ही उठतो, तुम्ही बसा. आत जागा आहे. सरका पुढे.'

आधी मुख्याध्यापकांच्या पत्नीला हसू फुटलं. मग त्या उठल्या, नवऱ्याच्या हातातून बॅग घेतली आणि निळ्या दाराकडे चालू लागल्या. ते आणखी थोडा वेळ एकटेच रागावून उभे राहिले. पण एकट्याने रागावण्यात मजा नसते, आणि आतून वास चांगला येत होता.

आम्ही सामान हिरव्या दारात हलवलं, पण तिथे फक्त झोपायला गेलो. बाकी सारी सुट्टी डॉक्टरांकडेच गेली. नवरामुलगा-नवरीमुलगी आली तेव्हा बाबा सगळ्यांना चहा वाटत होते, आणि दोघांनाही ते पलीकडच्या पक्षाचे आजोबा वाटले. बाबांनी तो गैरसमज दूर केला नाही. रोज दुपारी उन्हात मुख्याध्यापक, डॉक्टर आणि बाबा ओळीने बसायचे. निघताना डॉक्टरीणबाईंनी बाबांना वाकून नमस्कार केला आणि चिमणीला लोकरीचे हातमोजे दिले. मला त्यांनी जुनी टणक उशी दिली, आठवण म्हणून.

आत्या, तू मागे लागली नसतीस तर आम्ही दुलईत असतो आणि बाबा खिडकीशी. तुझे उपकार कसे मानावेत हे कळत नाही, म्हणून इतकं लांबलचक लिहिलं. काकांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाचा,
चष्मेवाला

ता. क. लग्न वसंतात आहे. आम्हा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं आहे. बाबांनी परस्पर सांगून टाकलंय की माझी बहीण आठवडाभर आधी येईल आणि सगळी व्यवस्था बघेल. तुला विचारायचं राहिलं, असं म्हणाले. तर गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पाहुण्यांचं स्वागत मात्र माझ्याकडे देऊ नये, असं दोन्ही पक्षांनी एकमताने ठरवलं आहे.

ता. क. २. खरं तर हे पत्र एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं. लग्नाची वाट बघू नकोस, आधीच ये, येत्या रविवारीच. आणि आलीस की बाबांजवळ बसून आईबद्दल काहीतरी विचार. काहीही. मी रोज ठरवतो, समोर जातो, आणि हवेबद्दल बोलून परत येतो. ते वाट बघत असतात असं मला आता कळतं. तू विचार, मी शेजारच्या खोलीत बसून ऐकेन.