कडी नसलेली खोली

आई, इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो, काळजी करू नकोस. खोली समुद्राच्या अगदी जवळ आहे आणि चक्क निम्म्या भाड्यात मिळाली. फक्त दाराला बाहेरून कडी नाही, म्हणून सामानापाशी कोणालातरी थांबावं लागतं. ते काम आपसूक माझ्याकडे आलं.

हॉटेलातलं जेवण परवडत नाही म्हणून यांनी स्टोव्ह घरूनच आणलाय. खोलीत स्वयंपाक केलेला मालकाला चालत नाही. मग स्टोव्ह फरफरायला लागला की आवाज दबावा म्हणून मी मोठ्यानं गाणी म्हणते. शेजारच्या खोलीतल्या बाईंना वाटतं, मी फार मजेत आहे.

मुलं उन्हानं रापलीत. रोज भिजून येतात आणि वाळू माझ्या गादीवर झटकतात. म्हणतात, "आई, तू पण चल ना!" हे म्हणतात, "उद्या नेऊ तिला." उद्या तर आमची परतीची गाडी आहे.

तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस.

कार्डामागचं समुद्राचं चित्र यांनीच निवडलंय. नीट बघून ठेव. मीही समुद्र तेवढाच पाहिलाय.

तुझी,
धाकटी