दिवाणावरच्या देव्या

२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून रोज लिहायचं. काम मोठं आहे, नोंद हवी.
हौसाबाई काकू नऊ तारखेला गावाहून आमच्याकडे डोंबिवलीला येते. वीसला ठाण्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. चाळीस वर्षं तिने गावच्या वाघजाईला रोज अंघोळ घातली, दिवा लावला. शेवटची पाच-सहा वर्षं नुसत्या हाताने चाचपून. गेल्या माघात देवळात संगमरवरी मूर्ती बसली आणि जुना पाषाण डोहात सोडला. काकू तेव्हा समोर उभी होती, पण तिला दिसलं काहीच नाही. परवा फोनवर म्हणाली, राघो, तुझ्या मोबाईलात तिचा फोटो आहे ना, तो मोठा करून ठेव. डोळा उघडला की आधी ती, मग तुमची तोंडं.
फ्रेम मी स्वतः घरी करणार. ऑफिसच्या वाटेवर कोपरीत देवराम फ्रेमवाला आहे. तो म्हणाला, फोटो मोबाईलवर पाठवा, वीस मिनिटांत देतो. वीस मिनिटांत देवी होत नाही. शिवाय तो तोंडात तंबाखू धरून काम करतो.
माझा हात स्थिर आहे. गावच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेत सी ग्रेड मिळालेली. वर्गातले निम्मे नापास होते.

३ नोव्हेंबर
अक्षदाच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी घेतलेल्या प्रिंटरवर पहिली प्रिंट काढली. खणखणीत आली. डोळे, नथ, कपाळाचा शेंदूर, सगळं. पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवली. मग पूजा केली आणि गावाहून आणलेल्या बाटलीतलं देवीच्या झऱ्याचं पाणी तुळशीच्या पानाने शिंपडलं. या पाण्याशिवाय ती एक दिवस राहिलेली नाही. काच बसवल्यावर शिंपडलं तर ते काचेला लागणार, देवीला नाही. म्हणून काचेच्या आधी. हे देवरामला सुचलं नसतं.
संध्याकाळी पाहिलं तर नथ हनुवटीपर्यंत उतरली होती.
कारण उघड आहे. गोंद.

५ नोव्हेंबर
गोंद बंद. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. प्रिंट सरळ बसली. पूजा, पाणी. तासाभरात शेंदूर कपाळावरून डोळ्यांत.
हवा दमट आहे. बायकोला, सुमतीला, सांगितलं तर म्हणाली, कपडे दोन तासांत कडक वाळतायत. कपडे आणि फोटो यांतला फरक तिला समजावला नाही.

८ नोव्हेंबर
आणखी दोन झाल्या. तिसरी पुठ्ठ्यासकट वाकली. चौथीला दोन तोंडं आली.
प्रश्न वेगळाच आहे. या टाकायच्या कुठे? नुसते कागद असते तर रद्दीत गेले असते. पण पूजा झाली, पाणी लागलं, आता त्या देवी आहेत. फाडता येत नाहीत, जमिनीवर ठेवता येत नाहीत. कपाटात कोंडायला मन घेत नाही. पिंपळाखाली ठेवाव्या तर सोसायटीच्या बोर्डावर ‘देवांचे फोटो झाडाखाली ठेवू नयेत’ ही सूचना माझ्याच अक्षरात लागलेली आहे.
सध्या दिवाणावर भिंतीला टेकवून बसवल्या आहेत. तात्पुरतं.

९ नोव्हेंबर, रात्री ८
काकू आली. आल्या आल्या तिला दिवाणापुढे नेलं. कोण आहे म्हणून विचारलं. तिने तोंड जवळ नेलं आणि म्हणाली, मला सगळा धूरच दिसतो रे, पण तू म्हणतोस तर तीच असेल. मग चौघींनाही नमस्कार केला.
म्हणजे ओळखलं. एवढ्या अधू डोळ्यांनी ओळखलं. मी उगाच स्वतःला कमी लेखत होतो.

१२ नोव्हेंबर
पाचवी. नथ पुन्हा उतरली.
अक्षदा म्हणाली, बाबा, या प्रिंटरची शाई पाण्यात विरघळते हां. पोरांना हल्ली बारीकसारीक माहिती असते. कौतुक वाटलं. तिला म्हटलं, म्हणूनच तर मी गोंद सोडला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मोबाईलकडे.
उपाय सापडला आहे. दिवस बदलायचा. पुढची प्रिंट शुक्रवारी.

१५ नोव्हेंबर
शुक्रवारी दोन काढल्या. दिवाणावर आता सात.
दिवाण भरला म्हणून माझी खुर्चीही दिली. मी वेताच्या मोड्यावर बसतो. रात्री आडवं व्हायचं तर ज्या बाजूला पाय करावेत तिकडून एखादी बघतेच. काल स्वयंपाकघरात ओट्याला डोकं लावून झोपलो. टीव्ही लावायचा तर त्या सगळ्यांच्या समोरून जावं लागतं, म्हणून बंद आहे. सातही जणींची पूजा झालेली, तेव्हा एकीला फूल आणि दुसरीला नाही असं चालत नाही. सकाळची पूजा पाऊण तासावर गेली. माजिवड्याच्या ऑफिसात तीनदा लेट मार्क.
सुमती म्हणाली, गावाने एक देवी डोहात सोडली, तुम्ही सात बाहेर काढल्या. पाहुणे आले तर त्यांना कुठे बसवू, सिंकमध्ये?
मोठ्या कामात घरच्यांचा धीर आधी सुटतो.

१८ नोव्हेंबर
देवराम दुकानाच्या दारात उभा होता. काय साहेब, झाली का देवी? म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. तो म्हणाला, दोन आठवडे तोच हात फिरतोय, फोटो तरी पाठवून ठेवा. पाठवला. मोठं काम सुरुवातीला कसं दिसतं ते त्यालाही कळावं.
परवा ऑपरेशन. काकू आल्या-गेल्याला सांगते, राघोने केली आहे, माझ्या राघोने. वॉचमनलासुद्धा सांगितलं. आता दुकानात गेलो तर तिला काय सांगणार?

१९ नोव्हेंबर, दुपारी
रजा घेतली. आठवी झाली, आणि साधली.
चूक कुठे होत होती ते कळलं. पाणी शिंपडून मी उघड्यावर ठेवत होतो, त्यामुळे हवा लागत होती. आज उद्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून अकरा वेळा शिंपडलं आणि त्याच क्षणी काच बसवून मागून चारी बाजूंनी टेप लावली. हवेला शिरायला जागाच नाही.
कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. उघडून बघायचा मोह आवरला. श्रद्धा ठेवायची म्हणजे ठेवायची.

२० नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. काकू टेबलावर डॉक्टरबाईंना विचारत होती, तुमचं आडनाव काय, माहेर कुठलं.

२१ नोव्हेंबर
पट्टी काढली. घरी येऊन काकूने आधी डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, आण तिला.
फ्रेम समोर धरली. तिने डोळा उघडला. पुष्कळ वेळ बघितलं. मग मान फिरवून म्हणाली, फुकट गेला रे डोळा. अजून धूरच आहे. ती दिसतच नाही मला.
आणि रडायला लागली. डॉक्टरांनी सांगितलंय, रडायचं नाही.
मी फ्रेम माझ्याकडे वळवली. आत काचेला थेंब चिकटलेले होते. त्यांच्यामागे जांभळं-लाल काहीतरी होतं.
म्हटलं, उद्या डॉक्टरांना दाखवू. तोंडातून तेच आलं.

२२ नोव्हेंबर
डॉक्टरबाईंनी बोटं दाखवली. काकूने बरोबर मोजली. भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटा दिसतो म्हणाली. मग हात पुढे करून बाईंच्या कोटावरचा एक केस उचलला. बाई म्हणाल्या, आजी, डोळा उत्तम आहे, नक्की काय दिसत नाही तुम्हाला?
काकू म्हणाली, देवी. राघो, दाखव.
पिशवी माझ्या मांडीवर होती. न दाखवून चालण्यासारखं नव्हतं. उठून जावं तर दरवाजाच्या बाजूला सुमती बसलेली.
दाखवली. काकूने फ्रेम हातात घेतली, खिडकीच्या उजेडाकडे नेली, काचेवरून बोट फिरवलं. आत पाणी कसलं हे, म्हणाली. मी सांगितलं, झऱ्याचं. तुझ्या झऱ्याचं. प्रत्येकीला शिंपडलं.
ती माझ्याकडे बघत राहिली. कैक वर्षांनी ती मला नीट बघत होती. मग म्हणाली, अरे, पाणी दगडाला घालतात. कागदाला कोण घालतं?
सुमती खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते.
परतताना काकू एवढंच म्हणाली, काल बोलला असतास तर रडले नसते. त्या डॉक्टरबाईला मनातल्या मनात काय काय बोलले मी.

२३ नोव्हेंबर
देवरामकडे गेलो. वीस नाही, अठरा मिनिटं. काच फोटोला लागू नये म्हणून त्याने मधे कोऱ्या पुठ्ठ्याची चौकट टाकली. तंबाखू तोंडातच होती.
काकूने फ्रेम मांडीवर घेतली. डोळे, नथ, शेंदूर, एकेक बघत गेली. मग कपाळावर बोट ठेवून म्हणाली, इथे चीर गेली होती होय? रोज हाताला लागायची. मला वाटायचं, माझाच हात खरखरीत झाला.
त्यानंतर बराच वेळ ती देवीशी हळू आवाजात बोलत होती. आम्ही आत जाऊन बसलो.

२६ नोव्हेंबर, सकाळी ६
काकू आज गावी गेली. पिशवीत कपड्यांच्या घडीत देवरामची फ्रेम. निघताना शेजारणीला म्हणाली, राघोने दिली. केली असं म्हणाली नाही.
आठ जणी अजून दिवाणावर आहेत. दारात चपला घालताना तिला विचारलं, काकू, यांचं काय करू?
म्हणाली, पाण्यात सोड. अर्ध्याच्या वर काम तू केलंच आहेस.