खसखशीच्या रोलची टोकं

हार्लन्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
२३ एप्रिल

प्रिय डेमियन,

तुझं प्रचारपत्रक टपालानं आलं. फोटो छान आहे, केस कापायला हवे होते. खाली मोठ्या अक्षरांत छापलंय, 'आधी चाचणी, मग मदत'. आपल्या जिल्ह्यात वर्षभर प्रयोग म्हणून चाललेला नियम तू आता राज्यभर लावायला निघालास. सरकारी मदत हवी तर कपात लघवी करून द्या. नशा सापडली तर मदत वर्षभर बंद. फोनवर मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "आई, प्रामाणिक माणसाला चाचणीची भीती कशाला?" मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आहे. चाचणीला माणूस प्रामाणिक आहे की नाही ते कळत नाही, एवढं तरी माझ्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं.

ईस्टरला तू आला नाहीस, म्हणून इकडचं सांगते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात आम्ही बायका विक्रीसाठी गोड पावाचे रोल करायला जमलो. अक्रोडाचे कमी, खसखशीचे जास्त. खसखस दळायला यंदा कोरिन होती. शेजारच्या डोलोरेसची मुलगी. डोलोरेस गेली आणि मागोमाग कोरिन काम करायची तो वृद्धाश्रमही बंद पडला. दोन पोरं आहेत, नवऱ्याचा पत्ता नाही. नोकरी मिळेपर्यंत ती सरकारी मदतीवर आहे. रोलची टोकं आपण विकत नाही, दळणारीनं ती खायची, हा तुझ्या पणजीपासूनचा रिवाज. लहानपणी त्या टोकांसाठी तू किती भांडायचास! कोरिननं दिवसभर टोकंच खाल्ली. मेरी ॲन तिला म्हणालीसुद्धा, "अगं, विकायला काही ठेवशील की नाही?"

बुधवारी सकाळी तिला चाचणीला बोलावलं. कपावर निकाल उमटला, अफूचा अंश आहे. खसखस अफूच्याच बोंडातून येते हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मी फक्त रोल खाल्ला. तर टेबलामागची बाई हसली. "मागच्या आठवड्यातलीनं खोकल्याचं औषध सांगितलं होतं. तुझं निदान गोड तरी आहे." प्रयोगशाळेत नेमकी तपासणी होऊ शकते, पण ती स्वतःच्या खर्चानं करायची. मदत मागायला आलेल्या बाईनं!

मी गेले त्या कचेरीत. साहेब कोण, तर वेंडेल. माझ्या वर्गात दोनदा नापास झालेला. मी त्याला खसखशीचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मिसेस ह्राबोव्स्की, हे मला कशाला सांगता? घरीच सांगा की. नियम तुमच्या डेमियनचाच आहे." मी पर्स उचलून बाहेर आले. वर्गातून मी अशी कधी निघाले नव्हते.

गुड फ्रायडेला कोरिन माझी भाजायची पत्र्याची थाळी परत द्यायला आली. घासून लख्ख केलेली. आत ये म्हटलं तर पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, "नको. लोक तुम्हालाही बोलतील." तुझ्या नियमानं गावातली नशा किती कमी झाली मला माहीत नाही. एक मुलगी माझ्या उंबऱ्याबाहेर राहिली, एवढं मी पाहिलं.

आणि समजा, तिनं खरंच नशेच्या गोळ्या घेतल्या असत्या, तर? तर तिच्या पोरांनी जेवायचं नाही? तू सतरा वर्षांचा होतास. फुटबॉलमध्ये गुडघा गेला. डॉक्टरनं दुखणं थांबवायला अफूच्याच जातीच्या गोळ्या दिल्या. गुडघा बरा झाला, गोळ्या थांबल्या नाहीत. मग माझ्या आईच्या कपाटातली तसल्याच गोळ्यांची बाटली रिकामी झाली. तेव्हा तुला वेंडेलसारख्या साहेबाकडे कुणी पाठवलं नाही. डोलोरेस नर्स होती. तिनं तुला आपल्या मागच्या खोलीत अकरा दिवस ठेवलं, तुझ्या उलट्या काढल्या, चादरी धुतल्या. शाळेत मी फ्लू सांगितला. पुढचा डॉक्टर माझ्या सरकारी नोकरीच्या विम्यातून आला. शिष्यवृत्ती टिकली, कॉलेज झालं, आज तू विधानसभेत बसतोस. त्या वेळी कुणी तुझ्यापुढे कप धरला असता तर? मी खोटं बोलले, त्याची मला लाज नाही. तू ते विसरलास, त्याची आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. सोमवारी मी फ्रीजरमधला रोल काढला, तुझ्यासाठी ठेवलेला. दोन्ही टोकं आणि वर तीन जाड तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी जाऊन तसल्याच कपात चाचणी दिली. निकाल सोबत जोडला आहे. माझं निवृत्तिवेतनही सरकारच देतं, तेव्हा नियम सर्वांना सारखा असेल तर ते बंद करायला सांग. तुझ्या विधेयकावर गुरुवारी सुनावणी आहे, तिथे बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव चौथं आहे. उरलेला रोल मी टेबलावर ठेवीन आणि फक्त त्याच्याविषयी बोलेन. त्या अकरा दिवसांबद्दल मी अक्षर काढणार नाही. ते तुझे आहेत. कोरिन माझ्या शेजारी बसलेली असेल. तेव्हा सहा वर्षांची होती ती. दोन्ही हातांनी वाडगा धरून, न सांडता तुझ्यासाठी सूप आणायची. तुला फ्लू झाला होता, असं तिला अजून वाटतं. खरं काय ते तिला तू सांग, विधेयकावरच्या मतदानाच्या आधी.

तुझीच,
आई

ता. क. टोक राखून ठेवलेलं नाही.