न दिसणाऱ्या डोंगराचे साक्षीदार

तेहरान,
दै महिना, थंडी कडक

आदरणीय तलअतखानूम यांस मेहरअंगीजचा सलाम.

परवा फोनवर तुम्ही मला म्हणालात, "तू उगाच माझ्या भावाच्या मागे लागली आहेस. त्याला रोज खिडकीतून तोचालचा डोंगर दिसतो, मग हवा खराब कशी?" या एका वाक्यामुळे मला हे पत्र लिहावे लागत आहे. तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही, कारण फोन तुमच्या बंधुराजांच्या खुर्चीच्या हाताशी असतो आणि त्यांचे कान त्याहून जवळ.

आधी रीत पुरी करते. तुमची प्रकृती कशी आहे? गुडघे? नवी कवळी बसली, की अजून पेल्यातच आहे? तुमच्या सोहराबने आणलेले अक्रोड पोचले, हातांना शीण न येवो. (मुलगा ट्रॅक्टरचे भाग घ्यायला आला आहे आणि आमच्या बैठकीत झोपतो. दोन माणसांचे जेवतो, पण निमूटपणे.) तुमची सावली आमच्यावरून कधी कमी न होवो. हे मी मनापासून लिहिते, आणि आत्ताच लिहून घेते, कारण पुढचे वाचल्यावर तुम्हाला ते खरे वाटेलच असे नाही. इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे मी ठीक आहे आणि तुमचे बंधुराज कियूमर्स खोकत आहेत.

खोकल्याचे तुम्हाला कोणी नीट सांगितलेले नाही, म्हणून मी सांगते. गेल्या हिवाळ्यात ते इस्पितळात होते तेव्हा तुम्हाला "साधी सर्दी" असे कळवले गेले. कळवणारे तेच होते, नाकाला नळी लावून. या वर्षी शरद सरता सरता डॉक्टर मुस्तौफींनी मला बाजूला घेऊन स्वच्छ शब्दांत सांगितले की ही थंडी त्यांना तेहरानबाहेर काढा. पुन्हा तसा झटका आला तर, डॉक्टर म्हणाले, मी त्यांना घरी परत पाठवीन याची हमी देत नाही. म्हणजे प्रश्न माझ्या हट्टाचा नाही. तुमच्या भावाला वसंतापर्यंत श्वास पुरवण्याचा आहे. तुमचे शहमीरजाद आहे, उंचावर आहे, तिथे अक्रोडाची झाडे आहेत आणि मोटारी मोजक्या. एवढे सोपे उत्तर माझ्या वर्गातल्या सर्वांत ढ मुलीनेही दिले असते.

तुमच्या बंधुराजांना ते मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की हवा बिघडलेलीच नाही. आमच्या तरुणपणी, ते म्हणतात, प्रत्येक बस शाईची दौत उपडी केल्यासारखा धूर सोडायची, घरोघरी रॉकेलच्या शेगड्या होत्या, रुमालात नाक शिंकरले तर काजळ निघायचे, आणि तेव्हा कोणी शाळा बंद ठेवत नव्हते. आता भुयारी रेल्वे आहे, पेट्रोलमधले शिसे गेले आहे. हवा सुधारली, माणसे नाजूक झाली. (याबाबतीत ते अगदीच चूक नाहीत. हे त्यांना कळवू नये.) मी निसर्गशास्त्राची शिक्षिका; पुराव्याशिवाय बोलत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ओला पांढरा रुमाल पसरून ठेवला, संध्याकाळी त्यांच्यासमोर धरला. रुमाल राखाडी झाला होता. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, "तुझा रुमाल आधीपासूनच असा होता." माझ्या तोंडावर बोलले हो!

त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे डोंगर. आयुष्यभर त्यांनी सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीशी खुर्ची टाकली. तिथून तोचाल दिसतो, म्हणजे दिसत असे. तुम्हाला इथली थंडी ठाऊक नाही. वारा पडला की शहरावर हवा झाकण ठेवल्यासारखी बसते, आणि आम्ही सगळे पातेल्यातल्या भातासारखे आपल्याच वाफेत शिजत राहतो. रेडिओवर सांगतात, म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नये, दूध प्या. शाळा बंद. आकाश जुन्या सतरंजीच्या उलट्या बाजूसारखे. आणि त्या सतरंजीकडे बोट दाखवून तुमचे बंधुराज म्हणतात, "तो बघ. आज तर काय लख्ख आहे!" मी म्हणते, कुठे आहे? ते म्हणतात, "मेहरअंगीज, मी त्याची जागा अंशापर्यंत सांगू शकतो." जागा सांगणे आणि दिसणे यांत फरक आहे हे मी मुलींना पहिल्याच तासाला शिकवीत असे. नवऱ्याला शिकवायचे राहून गेले.

शेवटी त्यांनी पैज लावली, तीही जेवताना, सोहराबच्या साक्षीने. "या घरात येणाऱ्या एका माणसानं, एकानं, माझ्या तोंडावर सांगावं की डोंगर दिसत नाही. मी त्याच दिवशी शहमीरजादला निघतो." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या ताटात भाताच्या तळाची खरपुडी स्वतःहून वाढली. मला वाटले, पैज जिंकलीच. चाळीस वर्षे या देशात शिकवूनही मी या देशातल्या लोकांना विसरले.

कारण तलअतखानूम, आपल्याकडे पाहुणा यजमानाला खोटे पाडीत नाही. चहा पिऊन, वर साखरेचा खडा तोंडात असताना तर नाहीच.

पहिले आले वरच्या मजल्यावरचे कर्नल बहादुरी. लढाईवर जाऊन आलेला, कडक इस्त्रीचा माणूस. मला खात्री होती. तुमचे बंधुराज खिडकीकडे वळून म्हणाले, "कर्नलसाहेब, डोंगर कसा काय वाटतो आज?" कर्नलांनी बाहेर पाहिले. बाहेर काहीच नव्हते. समोरच्या गल्लीतला दिव्याचा खांबसुद्धा कमरेपर्यंतच होता. कर्नल म्हणाले, "माशाल्ला! यंदा बर्फ बरं पडलंय." मी चहाच्या समोवारमागून खाकरले. त्यांना वाटले मी दुजोरा देते आहे, म्हणून त्यांनी पुढे जोडले, "केबलगाड्याही चालू दिसतायत." जाताना त्यांना मी जिन्यात गाठले आणि विचारले, तुम्हाला खरेच दिसला का? ते शरमिंदे होऊन म्हणाले, "खानूम, त्यांच्या घरात, त्यांच्या खुर्चीशेजारी बसून मी त्यांना डोंगर नाकारू?" जणू मी त्यांना घरातला गालिचा उचलून न्यायला सांगत होते.

मग मी खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या नज्लाखानूमना बोलावले. त्या अहवाजच्या, मोकळ्या स्वभावाच्या, आणि आमचा चहा त्यांना मुळीच आवडत नाही. तेव्हा त्या खरे बोलतील. त्या आल्या, खिडकी सताड उघडली (मी ओरडेपर्यंत) आणि छाती भरून श्वास घेऊन म्हणाल्या, "अहाहा, काय हवा आहे तुमच्या तेहरानची!" थट्टा नव्हती. त्यांच्या गावी धुळीचे वादळ उठले की म्हणे स्वतःच्या हातातली चप्पल दिसत नाही आणि चहात गाळ बसतो. मुलाला दमा म्हणून घरदार सोडून त्या इथे आल्या आहेत, आमच्या हवेसाठी! बंधुराजांनी ही संधी सोडली नाही. "आणि डोंगर, नज्लाखानूम?" त्या म्हणाल्या, "डोंगर पण छान आहे. जरा धूसर आहे, पण माणसाला थोडं धूसर चालतं." एवढ्या एका 'धूसर' शब्दावर मी पैज जिंकल्याचा दावा केला. सोहराबला निवाडा करायला लावले. तो तोंडातला घास गिळून म्हणाला, "मामी, धूसर म्हणजे दिसतोच की." हा मुलगा तुमच्यावर गेला आहे.

शेवटचा भरवसा डॉक्टर मुस्तौफींवर होता. ज्या माणसाने छातीचे फोटो पाहून मला घाबरवले, तो तरी डगमगणार नाही. मी त्यांना घरी बोलावले, मुद्दाम चहा दिला नाही. पण बंधुराजांनी स्वतः उठून दिला, आणि एवढ्या उठण्याने त्यांना जी उबळ आली ती थांबेना. डॉक्टरांनी पाठ चोळली. उबळ थांबल्यावर डोळे पुसत बंधुराजांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "डॉक्टर, डोंगर दिसतो ना?" डॉक्टर माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "सुंदर आहे. तुमच्यासारखाच ताठ." वर शिखरावर लाल कोटातला एक गिर्यारोहकही पाहिला त्यांनी! मी संतापाने उभी राहिले. तेव्हा तुमचे बंधुराज माझ्याकडे वळले. हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरलेले, ओठ जरा निळे. "आता तू सांग," म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस." गृहपाठ न केलेली मुलगी पहिल्या बाकावरून बघते ना, तसे बघत होते.

मी म्हणाले, "दिसतो. डाव्या सोंडेवर बर्फ जास्त आहे."

त्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही आणि त्यांनाही विसरू देणार नाही.

दुसऱ्याच दिवशी पहाटे वारा सुटला. काचा खडखडल्या, गॅलरीतल्या कुंड्या लोळल्या, आणि उजाडले तेव्हा शहर कोणी धुऊन दोरीवर टाकल्यासारखे झाले होते. माणसे गॅलरीत येऊन एकमेकांना मुबारकबाद देऊ लागली. बंधुराज अंगावर शाल ओढून खिडकीकडे जवळजवळ धावले. "ये, ये, आता बघ पुराव्यानिशी!" मी गेले. हवा खरोखरच काचेसारखी होती. आणि त्या काचेतून, बरोबर त्यांनी अंशापर्यंत सांगितलेल्या जागी, एक उंच नवी इमारत उभी होती. सांगाड्यासकट, क्रेनसकट, मजल्यांमागून मजले. धुराच्या आड गुपचूप वाढलेली. डोंगराचा टीचभर तुकडाही दिसत नव्हता.

त्यांनी शालीच्या टोकाने काच पुसून पाहिली. मग म्हणाले, "हवा स्वच्छ आहे. कबूल कर." मी कबूल केले. "म्हणजे पैज तू हरलीस." मी तेही कबूल केले. इतक्यात कर्नल बहादुरी झोपेच्या पायजम्यावर लष्करी कोट घालून खाली आले, खिडकीपर्यंत गेले, त्या इमारतीसमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "इमारतीच्या मागं अगदी स्पष्ट दिसतोय, आगा." तुमचे बंधुराज इतके हसले, इतके हसले, की हसता हसता खोकू लागले, आणि खोकता खोकता खाली बसले, आणि मला पाण्याऐवजी औषधाचा पंप आणायला धावावे लागले. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "माझी बॅग काढ. कुणाच्या तरी न्हाणीघराच्या खिडकीकडं तोंड करून मी मरणार नाही." आणि लगेच, "हवेचा याच्याशी काही संबंध नाही, हे लिहून ठेव."

लिहून ठेवले आहे.

तुमच्या सगळ्या माणसांना, झाडांना सलाम. थोरांचे हात, धाकट्यांचे डोळे चुंबिते.

तुमची,
मेहरअंगीज

ता. क. – आता मुख्य काम. ते चार दिवसांसाठी येत आहेत असे म्हणतात. त्यांना नवरोजपर्यंत ठेवून घ्यायचे आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. प्रेमाने सांगून ते दारापर्यंतही जाणार नाहीत. म्हणून रोज सकाळी नाश्त्याला तुम्ही एवढेच म्हणा की शहमीरजादची हवा पूर्वीची राहिली नाही, पार बिघडली. मग बघा. ते तुम्हाला खोटे पाडायला ओढ्यापर्यंत जातील, छाती भरून श्वास घेतील आणि येऊन दाखवतील. घरचे माणूस असल्यामुळे तुम्हाला खोटे पाडायला त्यांना संकोच वाटत नाही. खोटे बोलताना नजर ताटात ठेवा.

आणखी ता. क. – तुम्ही विचाराल, त्या इमारतीचे मला ठाऊक नव्हते का? रोज सकाळी संगकची रोटी आणायला मी तिच्याच फाटकासमोरून जाते. सांगितले असते तर ते म्हणाले असते, हवा नव्हे, इमारत आड येते. आणि पैज तिथेच संपली असती. तेव्हा "डाव्या सोंडेवर बर्फ जास्त आहे" हे मी सगळे जाणून म्हटले होते. यावर आपल्यात चर्चा नको.

शेवटचे – मी घर आवरून मागून येते. घाई करू नका. ही शांतता मला काही दिवस तपासून पाहायची आहे. आज सकाळी सोहराबच्या ताब्यात देते आहे ते असे: पिस्त्याची पिशवी, तुमच्या गुडघ्यांचे मलम, वाफ घ्यायचे भांडे, औषधाचे दोन पंप (एक लपवून ठेवावा, ते पहिला हरवतील), लोकरीचे मोजे, हे पत्र पाकीट चिकटवून, आणि तुमचे बंधुराज, नग एक, खोकल्यासह. परत पाठवताना खोकला सोबत नसावा.